फोटो काढायचाय, असं सांगून

आये, तू त्या दिवशी पळालीस ती पळालीस, वर सगळ्या रिक्षा स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "पोरीनं मला कापायला आणलंय!" अंगात हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, मागच्या नाड्या सुटलेल्या, पायात चप्पल न्हाय. मी चादर घेऊन तुझ्या मागे. एक रिक्षावाला हसला, त्याचं तोंड अजून दिसतं मला. नंतर परत चल म्हणून मी पाया पडले, तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. आठ महिने पोट धरून खाटेवर पडलीस आणि गेलीस. डॉक्टर वाचवतो म्हणत होता आणि तू टेबलावरून उठून आलीस. इतकी वर्षं याचाच राग धरून बसलेय मी.

आता माझी पाळी आली. गर्भपिशवी काढायचीय, गुरुवारी. अंगावरून जाऊन जाऊन रक्त उरलं न्हाय, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरताना दोनदा चक्कर येऊन पडले. काल हॉस्पिटलात गेले तर एक सिस्टर मला बाजूला घेऊन बसली. माझ्या पोरीच्या वयाची असेल. कागदावर पेनानं पोट काढलं, पिशवी काढली, कुठून कापणार तिथं रेघ मारली. मी विचारत सुटले. ती म्हणते, "मावशी, ओरडू नका, मी समोरच हाय."

"लूमच्या आवाजात जन्म गेला माझा. हळू बोलता येत न्हाय. तू पुढं सांग."

तिनं सगळं सांगितलं. खोली थंड असते, लाईट डोळ्यावर येतो, सगळ्यांची तोंडं बांधलेली असतात. पाठीत सुई देणार, मग पाय जड होणार. उपाशी का राहायचं तर उलटी झाली की ती श्वासात जाते. दुखणार न्हाय, पण आत कोणी हात फिरवतंय असं वाटेल. तेव्हा घाबरायचं न्हाय, मला हाक मारायची, म्हणाली.

"आणि मी उठून पळाले तर?"

"पाय कुठं राहतील तुमचे पळायला!"

मी हसले, आये. ऑपरेशनचं ऐकून हसले. घरी येईपर्यंत अर्धी भीती उतरली होती, आणि उतरली तशी तू येऊन समोर बसलीस.

कारण तुझ्या डॉक्टरनंही मला असंच बसवून सांगितलं होतं. गाठ कुठाय, कशी काढणार, सगळं. म्हणाला, आईला नीट समजावा, तिला माहीत असलं तर ती साथ देईल. मी म्हटलं, सांगते. पण आपल्यात आजारी माणसाला कोण सांगतं? सांगितलं की माणूस हाय खातो. मावशी, काकी, सगळ्या तेच म्हणाल्या. म्हणून मी तुला सांगितलं, मशीनवर पोटाचा फोटो काढायचाय. मागे दोनदा काढलेला, तुला खरंच वाटलं. सकाळी तू चहा मागितलास, मी म्हटलं उपाशीपोटी फोटो चांगला येतो. कागद पुढे केला, तू विचारलंस, "कसला गं?" मी म्हटलं फोटोचाच हाय, दे अंगठा. दिलास. शाई माझ्या पदराला पुसलीस आणि म्हणालीस, "लवकर उरकायला सांग, भात टाकायचाय."

आणि आत गेल्यावर तुला तो लाईट दिसला, ती बांधलेली तोंडं दिसली. कोणी सांगितलं नव्हतं तुला. मी सांगितलं नव्हतं.

काल सिस्टरनं मला कागदातली ओळन् ओळ वाचून दाखवली आणि मी माझी वेडीवाकडी सही केली. सही करताना भीती वाटली न्हाय. तेच सहन होत न्हाय मला.

ही चिठ्ठी कुठं टाकणार? डब्यात ठेवीन. पण एक कबूल करते. राहनाळपासून दापोड्यापर्यंत ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगत आले, की माझी आई भित्री होती. तू भित्री नव्हतीस. नाग निघाला तर सगळ्या पळायच्या आणि तू काठी आणायचीस.

गुरुवारी सकाळी मला आत घेणार. बुधवारी दिवे लागायच्या आत मला उत्तर पाहिजे, स्वप्नात ये न्हायतर कशीही ये. तुला खरं सांगितलं असतं, तर तू त्या टेबलावर पडून राहिली असतीस का? हो का न्हाय, एवढंच सांग.