अख्ख्या स्वित्झर्लंडला फुल बोर्ड

२० फेब्रुवारी २००५, रविवार. मंचर.
निर्णय झाला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. मे महिन्यात हिला घेऊन स्वित्झर्लंड. सासुरवाडीला, मढला, भर पंगतीत जाहीर केलं. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही, वांग्याची भाजी फिरत होती. पुन्हा जाहीर केलं.

निमित्त मेहुणा. अमृतचं मंचरला खतांचं दुकान. कंपनीने यंदा चार-पाच दुकानदारांना स्वित्झर्लंडची सहल बक्षीस ठेवलीय, बायकोसकट. ह्याची बायको विमानाला भिते. तर हा म्हणतो, दाजी, तिच्या जागी आक्काला नेतो, तुमचं तेवढं तिकीट काढा अन् चला संगं. म्हणजे मी, बावीस वर्षं पोरांना फळ्यावर आल्प्स काढून दाखवलेला माणूस, युरियाच्या पोत्यांमागून जाणार! सांगितलं, आमचं आम्ही बघू. हॉटेलसुद्धा मी स्वतः शोधणार. संस्मरणीय आणि परवडणारं. ह्या दोन गोष्टी एकत्र सापडत नाहीत, कारण लोक शोधत नाहीत.

सासूबाई, साळुबाई, मध्येच म्हणाल्या, हॉटेलात निजत्यात व्हय पावणं? बाकड्यावं? पंगत हसली. त्यांचं चूक नाही, आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा आणि भजी. समजावलं की तिकडच्या हॉटेलात आत लॉज असतं. 'लॉज' म्हटल्यावर पंगत एकदम पानात बघायला लागली. विषय बदलला.

अमृतने पाडव्यापर्यंत मुदत दिलीय. त्यानंतर व्हिसाचे कागद जाणार. मला मुदत देणारा हा कोण?

परतताना एसटीत हिने विचारलं, तिथला बर्फ हातात घिऊन देत्यात का? म्हणालो, बर्फाचे प्रकार असतात, सांगतो. दुसऱ्या प्रकारापर्यंत मंचर आलं.

२७ फेब्रुवारी, रविवार.
कामाला सुरुवात. दस्तगीरचं सायबर कॅफे, स्टँडच्या मागे. आधी एसटीडी बूथ होता. प्लायवूडच्या केबिनमध्ये मी, शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी गोळीबाराचा गेम खेळतंय. अशा परिस्थितीत आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार.

हॉटेलचे निकष ठरवले. गॅलरीतून हिमशिखर दिसलं पाहिजे. गरम पाणी. संडास खोलीतच. मालक शक्यतो सुशिक्षित. दर वाजवी. एवढं सगळं असलेलं हॉटेल एजंटच्या बापाला सापडायचं नाही.

ई-मेलचा मजकूर घरूनच तयार करून नेला होता. 'विषय: दोन इसमांना राहणेबाबत.' इंग्रजीत जास्त भारदस्त वाटतं. पाठवायचं बटण दाबलं आणि लाइट गेली. लोडशेडिंग. दस्तगीर म्हणाला, सर, गेलं आसंल. मी विचारलं, काय गेलं, लाइट की पत्र? म्हणाला, दोन्ही.

६ मार्च, रविवार.
पहिलं उत्तर! 'वुई आर प्लीज्ड टु ऑफर यू फुल बोर्ड.'

फुल. बोर्ड लागला. मार्चमध्येच!

आपल्याकडे जत्रेत तमाशाच्या तंबूवर फुलचा बोर्ड लागला, तर तिकीटवाला निदान चेहरा पाडून सांगतो, पाय ठेवायला जागा न्हाई राव. हे लोक 'प्लीज्ड'! माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे टोमणा ताबडतोब लक्षात आला. दुसऱ्याच्या डोक्यावरून गेला असता.

हिला सांगितलं. ही म्हणाली, जागा न्हाई तर त्यास्नी आनंद कशाचा झालाय? म्हणालो, युरोपियन माणूस असाच असतो. ही भाकरी थापत राहिली.

१३ मार्च, रविवार.
आणखी उत्तरं. फुल, फुल, फुल. एकाने प्रामाणिकपणे 'हाफ बोर्ड' कळवलं, म्हणजे अर्धं भरलंय. पण मग उरलेलं अर्धं कुणी का घेत नाही? तिकडचं छत गळत असणार. बाद.

इथून पुढे रोज अर्धा तास जायचं. शाळा सुटली की थेट दस्तगीर. पेपर तपासायचे आहेत, पण नववीचा भूगोल कुठे पळून जात नाही.

१९ मार्च, शनिवार.
सापडलं. सापडलं. सापडलं.

ग्रिंडेलवाल्ड गाव. लाकडी घर, गॅलरीत लाल फुलं, आणि मागे तोच डोंगर, जो मी बावीस वर्षं खडूने काढतोय. दर वाजवी. नाव 'पेन्शन एंझियान'. एकच अडचण: पेन्शनरांसाठी दिसतंय. मला निवृत्तीला आठ वर्षं आहेत. अर्ज केला: सेवेत असलेल्या शिक्षकास प्रवेश मिळेल काय?

फोटोची प्रिंट काढून आणली. हिने ती पिठाच्या डब्यावर चिकटवली.

२२ मार्च, मंगळवार.
परवाच उत्तर आलं. मालकीणबाईचं नाव फ्राऊ, आडनाव झ्बिंडेन. फ्राऊ. गोड नाव आहे. आधीच्या दोन हॉटेलवाल्याही फ्राऊच होत्या. म्हणते, पेन्शन म्हणजे इकडे घरगुती हॉटेल, सगळ्यांचं स्वागत, शिक्षकांचं तर विशेष. 'ट्विन रूम' देते. कळवलं की आम्हाला जुळी नाहीत, आम्हीही जुळे नाही, रीतसर नवरा-बायको आहोत.

आज तिचं उत्तर: नो प्रॉब्लेम. ट्विन रूम, डोंगराच्या बाजूची, फुल बोर्ड. आय कुक मायसेल्फ.

म्हणजे इथेही फुल! स्वागत कशाला मग? आणि स्वयंपाक स्वतः करते, हे आत्मचरित्र मला का सांगते? एवढी फुल असून एक आचारी ठेवता येत नाही. गरीब आहे बिचारी.

संध्याकाळी अमृत आला. डब्यावरचा फोटो बघून म्हणाला, दाजी, लई भारी हाय की, नाव सांगा, आमच्या पुण्याच्या एजंटला देतो. मोठ्या मनाने नाव सांगितलं. बोर्ड लागलाय हे सांगितलं नाही. स्वतःच्या अनुभवाने शिकू दे. हिने विचारलं, आपली जागा झाली का? म्हणालो, प्रक्रियेत आहे.

२७ मार्च, रविवार.
शाळेतही लक्ष लागत नाही. वर्गात लोकसंख्येची घनता शिकवताना स्वित्झर्लंड सर्वाधिक, असं बोलून गेलो. पुस्तकात तसं नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्याने तिथे खोली मागून बघावी.

शेवटी स्वाभिमान गुंडाळला. फ्राऊला लिहिलं: कृपया बोर्ड काढा. चारच दिवसांसाठी काढा. माझ्या पत्नीला बर्फ हातात घ्यायचा आहे.

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं होतं. लाइट जाण्याच्या भीतीने तसंच गेलं.

२ एप्रिल, शनिवार.
फ्राऊ विचारते, 'व्हिच बोर्ड?' फाटकावरचा का? तो तिच्या वडिलांनी हाताने रंगवलाय म्हणे.

वेड पांघरतेय. कळवलं: होय, तोच. त्वरित उतरवणे.

६ एप्रिल, बुधवार.
उतरवला!! लिहिते, पाहुण्याची इच्छा म्हणून जड मनाने उतरवला. दस्तगीरला चहा पाजला. शेजारच्या केबिनमधल्या गोळीबारवाल्यालाही पाजला.

मग चष्मा पुसून खालची ओळ वाचली. 'युवर रूम इज वेटिंग, विथ फुल बोर्ड.'

म्हणजे एक काढला आणि लगेच दुसरा लावला. पत्र लिहिता लिहिता! इतका दगाबाज देश मी आजपर्यंत तटस्थ म्हणून शिकवत आलो.

दस्तगीर म्हणाला, सर, आता हितंच मुक्काम टाका, हे केबिन रिकामंच आसतं. मी हसलो नाही.

९ एप्रिल, शनिवार. पाडवा.
गुढी उभारली. काठी जरा तिरकी राहिली.

अमृत साखरेच्या गाठी घेऊन आला. बसलाच नाही. म्हणाला, दाजी, सोमवारी कागद जायचेत, दोन पासपोर्ट नेऊ का एक? आमची जागा तर झाली, तुमीच सांगितलेल्या ठिकाणी. अजून बी चला, माझ्या डोक्यावं पाय द्या, पर चला.

झाली म्हणे! एजंटने टोपी घातलीय ह्याला. रस्त्यावर झोपतील सगळे दुकानदार. सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर मलाही जागा मिळाली नाही, हेही सांगावं लागलं असतं. म्हणालो, एक ने. मी माझ्या सोयीने मागून येतो.

ही पिठाच्या डब्याकडे बघत होती. अमृत गेल्यावर म्हणाली, तुमाला यायचंच न्हाई का? म्हणालो, यायचंय, पण माझ्या पद्धतीने. तर म्हणते, तुमच्या पद्धतीनं पंचवीस वर्षांत आपण भीमाशंकर तरी केलं का? तालुक्यातच हाय.

हे सणाच्या दिवशी बोलायला नको होतं. शिवाय भीमाशंकरला मुक्कामाची योग्य सोय नाही, हे मी अनेकदा सांगितलंय.

१७ एप्रिल, रविवार.
संकल्प: आठवड्यात दुसरीकडे खोली मिळवायची, आणि ती लोकं रस्त्यावर असताना हिला फोन करून बोलवून घ्यायचं.

ऑस्ट्रियाला लिहिलं. फुल बोर्ड. इटलीला लिहिलं. फुल बोर्ड. एवढी माणसं येतात कुठून? आणि सगळी माझ्या आधी कशी पोचतात?

२४ एप्रिल, रविवार.
एका हॉटेलने 'नो बोर्ड' कळवलं. आनंदाने पत्ता बघितला. फिनलंड.

फ्राऊला दोन पत्रं लिहिली. एक रागाचं, एक विनवणीचं. रागाचं गेलं. विनवणीच्या वेळी लाइट गेली.

१२ मे, गुरुवार.
ही निघाली. सासूबाई खास मढहून आल्या होत्या. लेकीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, बाकड्यावं नीज, पर भुईवं निजू नगं बाय, गारठा आसंल.

ह्या घरात वस्तुस्थितीची कल्पना असलेली ती एकटीच बाई.

मी हिच्या बॅगेत माझी घोंगडी कोंबली. विचारलं, ही कशाला? म्हणालो, राहू दे. पडवीत झोपायची वेळ आली तर. डोळ्यांत पाणी होतं. हिच्या. माझ्या डोळ्यांत जीपची धूळ गेली.

जाताना म्हणाली, डब्यात लाडू हायेत. फोटो तेवढा डब्यावरच राहू द्या.

१४ मे, शनिवार.
फोन नाही. म्हणजे रस्त्यावरच असणार. थंडी तिकडे आत्ता चारपाच अंश. मला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर गेली नसती. गेली नसती तर बर्फ राहिला असता. म्हणजे न सांगितलं तेच बरोबर. पण थंडी.

दूध उतू गेलं. भात खाली लागला, वर कच्चा. लाडू संपले.

१६ मे, सोमवार.
दोन्ही वेळ स्टँडवरच्या हॉटेलात मिसळ. मालक म्हणाला, गुरुजी, वहिनी फॉरेनला न् तुमी हितं? आसं कसं? म्हणालो, मी मागून जाणार आहे. त्याने जास्तीचा पाव फुकट दिला. दया मला आवडत नाही. पाव खाल्ला.

१७ मे, मंगळवार.
संध्याकाळी फोन आला. अमृतच्या मोबाइलवरून, ही.

आधी विचारलं, कुठे झोपताय? म्हणाली, आवो, त्याच घरात, डब्यावरच्या. डोंगर बी तसाच हाय, तुमी फळ्यावं काढता तसा, फक्त डावीकडं जरा जास्त उतरता. पहिल्या दिवशी मातर लई हिंडलो. फाटकावं पाटीच नव्हती, नुसते खिळे. गाडी गावातनं तीनदा फिरली. घरवाल्या बाईला विचारलं तर म्हणाली, मंचरच्या कुणा मास्तरनं काढायला लावली.

मी म्हणालो, असं?

मग म्हणाली, बाई लई माया करती. सकाळी जेवण, दुपारी जेवण, रात्री पुन्हा. समदं खोलीच्या भाड्यातच. अमृतनं विचारलं तर म्हणाली, हेच की फुल बोर्ड. राहायचं न् तिन्ही टायमाला जेवायचं.

मी म्हणालो, ते मला माहीतच होतं.

मग म्हणाली, बर्फ हातात घेतला. दाण्यादाण्याचा हाय, साखरंवानी. तुमी एसटीत सांगितलेला दुसरा प्रकार. पहिला कोणचा, ते इसरले.

मलाही आठवेना.

विचारलं, जेवलात का? म्हणालो, पोटभर.

म्हणाली, खोलीत दोन खाटा हायेत. एकीवं मी निजते. दुसरीवं तुमची घोंगडी टाकलीया. बाई रोज सकाळी येती, झटकती, न् पुन्हा नीट घालून जाती.

मग रेंज गेली.

म्हणजे जागा होती.