माहेरी येताना आणायचं पुस्तक

माडवली,
४ नोव्हेंबर १९८४

ती. सौ. विमलाताईस,
नलिनीचा सा. न. वि. वि.

तूप पोचलं असेल. बरणी परत पाठव, नाहीतर तीही तिकडचीच झाली.

आपल्या वाचनालयावर वेळ आली आहे. सरकारला खर्च आवरायचाय. जानेवारीत साहेब तपासणीला येणार. वहीतलं प्रत्येक पुस्तक फळीवर दिसलं नाही, तर अनुदान निम्मं. नवीन आणून ठेवलेलं चालत नाही.

फळ्या लावून बघितल्या, सात पुस्तकं नाहीत. सातही बाबांनी दिलेली. गावातली मुलगी सासरी निघाली की ते मांडवात तिच्या हातात एक पुस्तक ठेवायचे आणि वहीत परतीच्या तारखेच्या जागी लिहायचे, 'माहेरी येईल तेव्हा'. सातही जणी मुंबईत आहेत. पत्ते सोबत जोडलेत. शेवटचं नाव कुणाचं, ते सांगायला नको.

बाबांनी उभं केलेलं माझ्या हातून बुडू नये, एवढंच.

लोभ आहेच, तो असू दे.
नलिनी


घाटकोपर,
९ डिसेंबर १९८४

चि. नलिनीस अनेक आशीर्वाद.

चार रविवार तुझी वसुली करते आहे. दार वाजवलं की लोकांना मी मतं मागायला आले असं वाटतं, असं हे चिडवतात. चारकोपला प्रेमा राहते, तिने पुस्तक कपाटाच्या पायाखालून काढलं. आधी लाजली, मग जेवल्याशिवाय सोडेना. मुलुंडच्या रत्नप्रभाने लग्नातला गजरा त्यातच जपलाय, तोही तसाच पाठवते. अशी पाच मिळाली. आपल्या वाडीतला दत्ताराम शनिवारच्या एस. टी.ने आणतो आहे.

सहावं माहुलला, चंपाकडे. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं, तरी बाबांनी दिलं होतं. नवऱ्याने त्यावरच तिला शिकवलं. पानोपानी तिने गिरवलेली अक्षरं आहेत. पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, आई गेली, भाऊ गेला, घर पडलं. हे नेलंस की माझं माहेर संपलं गं. मी ते तिथेच ठेवून आले. मला काय बोलायचं ते बोल.

सातवं माझं. गाठोड्यात बांधलं होतं, पुन्हा सोडून काढून घेतलं. बाबा गेल्यापासून सहा वर्षं मी तिकडे फिरकले नाही. वाचनालयातली त्यांची रिकामी खुर्ची बघवणार नाही, म्हणून. आता पुस्तकही परस्पर धाडलं, तर यायला कारणच उरणार नाही. तरी तू म्हणशील तर पाठवते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
विमला


माडवली,
२८ जानेवारी १९८५

ती. ताईस सा. न.

साहेब महिन्याच्या सुरुवातीलाच येऊन गेले. दोन पुस्तकं कमी भरली. बाबांनी लिहिलेलं वाचून ते हसले नाहीत, पण अशी तारीख नियमात बसत नाही म्हणाले. अनुदान निम्मं झालं.

दोन दिवस तुझ्यावर फार रागावले होते, म्हणून आधी पत्र लिहिलं नाही. मग भाडं परवडेना म्हणून वाचनालयाची खोली सोडली आणि पुस्तकं चार पेट्यांत भरून एकेका वाडीत ठेवली. दर महिन्याला पेट्या बदलणार आहे. राधाकाकूच्या ओटीवरची पेटी सगळ्यांत लवकर रिकामी होते. खोलीत कधी पाऊल न टाकलेल्या बायका विहिरीवरून येताना तिथे थांबतात. बाबांना हे आवडलं असतं. खोली सोडली त्या दिवशी मात्र ते माझ्याशी बोलले नसते.

त्यांची खुर्ची घरी आणली आहे. तिच्यावर मीच बसते, तेव्हा रिकामी बघायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

परवा लवूच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात तिला पुस्तक दिलं. वही उघडली, तारखेच्या जागी हात थांबला. मग बाबांचंच लिहिलं.

तुझं पोस्टाने पाठवू नकोस, मी सोडवून घेणार नाही. घेऊन ये. चंपालाही आण, तिचं पुस्तक तिच्याच हातात राहू दे. तिला म्हणावं, माझ्याकडे उतरायचं.

बरणी विसरू नकोस.

वाट बघणारी,
नलिनी