नाव नसलेली हाक

१० मार्च १९७८, शुक्रवार. नंदनवन, नागपूर

मी पंचफुला. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी बोलते आणि सून तारा लिहिते. ती माझं बोलणं शुद्ध करून लिहिते, झणझणीत रश्शात साखर घालावी तसं. घालू दे. वही तिची आहे.

आज गाव सोडून कायमचे लेकाकडे, वसंताकडे, राहायला आलो. इथे नळ घरात आणि संडासही घरात. आमच्या बुढ्याला दुसरी गोष्ट पटलेली नाही. येताना ते एसटीत कंडक्टरशी भांडले, मग रिक्षावाल्याशी, आणि दारात डोकं आपटलं म्हणून चौकटीशी. मी म्हटलं, "घरानं काय बिघडवलं जी तुमचं?" तर माझ्याशी भांडले. लग्न झाल्यापासून असंच चाललंय. भांडून झालं की त्यांना भूक लागते. बेसन-भाकर वाढली, वर कांदा फोडून दिला. छान दिवस गेला.

१२ मार्च, रविवार

वसंतानं आम्हा दोघांना फिरायला दिवसभराची भाड्याची गाडी करून दिली. पांढरी अ‍ॅम्बेसेडर, ड्रायव्हर जरीपटक्याचा मधुकर. नवराबायको एका गादीवर बसून फिरायला निघालो, हे जन्मात पहिल्यांदा. ह्यांनी खिडकीची काच खालीवर करून करून मधुकरला रडकुंडीला आणलं. रामटेकला गडावर माकडानं ह्यांच्या हातचं केळं पळवलं, तर त्याच्याशीही भांडण. मी म्हटलं, माकड तुमच्यापेक्षा कमी बोलते जी.

मधुकर म्हणाला, पुढे आडबाजूला एक तलाव आहे, मध्ये बेट आहे. सध्या पाणी उतरलंय, मातीच्या बांधावरून गाडी थेट बेटावर जाते. गेलो. पळस असा फुललेला की डोळे दुखावे. सावलीत बसून डबा खाल्ला. मग हे झाडांमागे गेले, ते येईचनात. ऊन कललं. मी उभी राहून ओरडले, "अवो, चला जी! या लवकर, गाडीत बसा!" नवऱ्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. वसंता बाबा म्हणतो, तारा मामाजी. घरात त्यांचं नाव कोणाच्याच तोंडात नाही.

हाकेसरशी आले. डोक्यावर टोपी नव्हती. मी दार उघडून धरलं, तसे सरळ गाडीत जाऊन बसले.

गाडी बांधावर लागली तशी मागून पळसातून कोणी ओरडलं, "अवं! थांब वं! अवं!" मधुकरनं ब्रेक दाबला. मी म्हटलं, चाल रे बाबा, तो आपल्या बायकोले बोलावून राहिला. माझा नवरा माझ्याजवळ बसला आहे. आम्ही तिघंही हसलो. नाही, दोघंच हसलो.

१३ मार्च, सोमवार

सकाळी चहात साखर घालायची राहिली. ह्यांनी पिऊन टाकला. आंघोळीचं पाणी थंड होतं, तरी केली. मी मुद्दाम म्हटलं, तुमच्या बहिणीसारखी कजाग बाई उभ्या तालुक्यात नाही. म्हणाले, "हो."

वसंता खूश, तारा खूश. म्हणतात, फिरून आल्यापासून बाबा किती शांत झाले. मला राग आला आहे. कोणाचा ते कळत नाही. भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. जेवले. पुन्हा मागितली.

१५ मार्च, बुधवार

दुपारी शेजारच्या यमुताईंनी त्यांच्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, पान वाढलंय!" हे आमच्या पाटावरून उठले, तोंडातला घास तसाच, आणि त्यांच्या घरी जाऊन त्या पानावर बसले. यमुताईंच्या नवऱ्याला जागाच उरली नाही.

सगळे पोट धरून हसले. आता गल्लीतल्या बायकांना खेळच सापडला. एक म्हणते "ऐकलं का", दुसरी म्हणते "अहो, या इकडे", आणि हे या दारातून त्या दारात. मी खराटा घेऊन बाहेर गेले आणि चांगल्या शिव्या घातल्या. त्या तारा लिहीत नाही.

ह्यांना हात धरून घरी आणलं. हात थंड. तलावाच्या चिखलाचा वास. परवा साबण लावून मी स्वतः घासले होते —

१७ मार्च, शुक्रवार

मधुकर आला होता. गाडीत राहिलेला डबा द्यायला, म्हणाला. पण बसेना, घरात येईना, खाटेवर बसलेल्या ह्यांच्याकडे बघून घामाघूम झाला. मी त्याला फाटकाशी नेऊन खडसावलं, तेव्हा बोलला. काल दुसरी सवारी घेऊन तो तिकडे गेला होता. बेटाच्या टोकाला, बांध सुरू होतो तिथे, एक म्हातारा उभा. डोक्यावर टोपी. बांधावर पाय ठेवू बघतो आणि ठेवता येत नाही. "अवं, अवं" म्हणून ओरडतो आणि घसा पार बसलेला. मधुकरनं गाडी उलटी फिरवली.

मी म्हटलं, अरे मेल्या, एक हाक तरी मारायची होती! मग मीच जीभ चावली. बरं झालं नाही मारली. बिननावाच्या हाकेला तिथून आणखी काय उठून आलं असतं —

मला कळलं. तिथे जे बसलं होतं ते कोणीतरी बोलावण्याची वाट पाहत होतं. मी बोलावलं. नाव न घेता बोलावलं. गाडीचं दार उघडून धरलं —

आणि माझा माणूस मागे ओरडत राहिला. मी त्याला म्हटलं, दुसरीचा नवरा.

आजपासून खाटेवरच्या ह्याला मी "हे" म्हणणार नाही.

१८ मार्च, शनिवार

वसंताला सगळं सांगितलं. म्हणतो, आई, तुला ऊन लागलं. डॉक्टर आणतो म्हणतो. माझ्यासाठी! अरे गाढवा, ज्यानं तुला खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली तो तिकडे घसा फोडून राहिला, आणि तू ह्या गोगलगायीला बाबा म्हणतो —

खाटेवरचा तो ऐकत होता. हसला. "हो," म्हणाला.

ताराची आसवं वहीवर पडतात. पोरी, रडू नको. लिही. मधुकरला निरोप दिला आहे. उद्या सकाळी गाडी. मी तिथे नाव घेऊन हाक मारणार. पाण्याला, पळसाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं —

१९ मार्च, रविवार, सकाळी

तारा नाही. भ्याली पोरगी. वसंता तिले माहेरी सोडाले गेला. मी वही काढली अन् म्हटलं, कोणी लिहून घेता का जी. तर खाटेवरचा हा आला. पेन धरला.

माह्या बुढ्यानं जन्मभर अंगठा लावला. हा भराभर लिहून राहिला.

लिही मंग, मुडद्या. माह्या बुढ्याचं धोतर नेसला, त्याच्या खाटेवर लोळला, अन् माह्यासंग एकदाही भांडला नाही. असा कुठं नवरा असते? —

गाडी आली. भोंगा वाजून राहिला. मी चालली. नाव घेतलं का आयुष्य कमी होते म्हणतात. होऊ दे. त्या बेटावर त्याचं कोणतं वाढून राहिलं —

पण आधी तुह्यासमोर घेते. तुले बी ऐकू दे. काहून, हसू कुठं गेलं? हात काहून थांबला?

लिही. लिही म्हणते ना. माह्या नवऱ्याचं नाव —