वन्सं, तुमच्या भावाला केसाळ पोरांनी पळवलं

तीर्थस्वरूप यूडोरा वन्सं यांना,

ऑइलडेलहून तुमची धाकटी भावजय व्हर्लीन हिचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुमच्या गुडघ्याला नव्या मलमाने आराम पडला का? फर्मन भावोजींचा दमा कसा आहे? तुमच्याकडे शॉनीला वादळ झालं आणि तुमच्या गोठ्याचं छप्पर पाद्रीबाबांच्या अंगणात जाऊन पडलं असं कळलं. (पाद्रीबाबा घरात होते की अंगणात, ते कुणी लिहिलं नाही.) असो. आता मूळ गोष्ट. तुमच्या भावाचं डोकं फिरलं आहे. ऑर्व्हलने आयुष्यात एकट्या तुमच्याच हातचा मार खाल्ला आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते. चार खरमरीत ओळी त्याला लिहा. माझं आता तो ऐकत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, तो आठवडाभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी हॉइट प्रुइटच्या डान्स हॉलमध्ये स्टील गिटार वाजवतो. एकच खुर्ची, एकच टोपी, तीच गाणी. मला यात काहीही वाईट दिसत नव्हतं. तर गेल्या महिन्यात आमच्या दारात दुकानांना पाव पोचवणारी एक जुनी मोटारगाडी येऊन थांबली. तिच्यावर जांभळा घोडा रंगवलेला होता आणि घोड्याला पंख होते. गाडीतून तीन जण उतरले, पाठमोरे, केस कमरेकडे निघालेले. मी आपलं प्रेमाने म्हटलं, "या गं पोरींनो." वळून बघतात तो तिघांनाही मिशा! (एकाची मिशी तशी विरळच होती, पण प्रयत्न दिसत होता.) त्यातल्या ढोल वाजवणाऱ्याला नाव विचारलं तर म्हणे "फेदर". म्हणजे पीस! बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री हसला कसा नाही कोण जाणे. उंच स्वरात गाणारा कॅलेब जरा बरा होता, पायात चपला तरी होत्या. आणि म्होरक्या टोबिन. पासाडेनासारख्या श्रीमंत शहरातल्या दाताच्या डॉक्टरचा मुलगा. दात असे की बघत राहावं, पण बोलायला लागला आणि मी दाराची चौकट धरली. वन्सं, तो आपल्या ओक्लाहोमाच्या बोलीत बोलत होता! तीसुद्धा मामंजींपेक्षा जाड.

आठवतं ना, इथे आल्यावर याच बोलीपायी शाळेत बाई आपल्याला कोपऱ्यात उभं करायच्या आणि दुकानदार "ओक्लाहोमाचे ओकी आले, माल सांभाळा" म्हणून ओरडायचे? तुमच्या भावाने ती बोली जिभेवरून घासून काढण्यात अर्धा जन्म घालवला. आणि हा मुलगा ती नव्या कोटासारखी घालून मिरवतोय! ऑर्व्हलचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा पाना घेऊन मारायला धावतो. पण टोबिन म्हणाला, "काका, आम्ही गावाकडची गाणी रॉकच्या ढोलांवर वाजवतो. तुमची गिटार हवी. एकदा वाजवून दाखवा." तुमच्या भावाने वाजवलं. टोबिन जमिनीवर बसून रडायला लागला. ते तिघे गेल्यावर हा मला म्हणतो, "माझं वाजवणं ऐकून आजवर कुणी रडलं नव्हतं." मी म्हटलं, लग्नाआधी मी रडले होते की! तर म्हणे, "तुला तेव्हा सर्दी झाली होती."

गेल्यावर म्हणजे फक्त अंगणापर्यंत, बरं का. गाडी तिथेच उभी राहिली आणि पोरं तिच्यातच मुक्कामाला. मी त्यांना घेवड्याच्या बिया डुकराच्या हाडाबरोबर शिजवून मक्याच्या पावाशी वाढल्या. टोबिन डोळे मिटून म्हणाला की या जेवणात सत्य आहे. मी म्हटलं, मीठ कमी असेल, वरून घे. फेदर मांस खात नाही म्हणाला, आणि हाड चोखत म्हणाला. फुकट जेवतात तर निदान काम करा, म्हणून मी तिघांना मोरीच्या पाण्याचा चर खणायला लावलं. आपली माती तुम्हाला माहीत आहे, पहार टाकली की पहारच उलटी येते. पण खणला बिचाऱ्यांनी. संध्याकाळी ते ऑर्व्हलच्या गिटारीला एक डबी जोडायचे. ती डबी लागली की गिटारीतून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज निघायचा. माझ्या कोंबड्यांनी अंडी बंद केली. मला वाटलं, हा डबी फेकून देईल. हा म्हणतो, "अजून थोडा वाढव."

मी टोबिनला विचारलं, या प्रकाराला म्हणायचं तरी काय? गावाकडची गाणी लावणारं रेडिओ केंद्र त्यांचे केस बघून दार लावतं, आणि पोरांची गाणी लावणारं केंद्र ही गिटार ऐकून. रेकॉर्डचा दुकानदार विचारतो, कुठल्या खणात ठेवू? टोबिन म्हणाला, "काकू, नाव लोक देतील." (शिव्या देतील, असं माझ्या मनात आलं, पण पाहुणा म्हणून गप्प बसले.)

आता रविवारची गोष्ट ऐका. तुमच्या भावाने या मंडळींना हॉइटच्या हॉलमध्ये दुपारच्या नाचाला नेलं! तिथे सगळे तेलविहिरीवरचे गडी, डोकी भादरलेली, बाह्या वर केलेल्या. हॉइट माझ्या कानात म्हणाला, "व्हर्लीन, यांतल्या बायकांनी मागच्या दाराने यायचं असतं." मी म्हटलं, बायका नाहीत, माझे पाहुणे आहेत. पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसरं टोबिनने स्वतः रचलेलं, उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या माणसाचं. त्याने पहिली ओळ म्हटली आणि मागून डब हॅकेट उभा राहिला. डब म्हणजे दार आणि भिंत यांच्या मधलं काहीतरी. तो गरजला, "कापूस वेचलास होय रे? हात दाखव!"

ढोल थांबला. सगळा हॉल ओरडायला लागला, हात दाखव, हात दाखव! ऑर्व्हल खुर्चीतून उठायला लागला. टोबिनचा चेहरा ताकासारखा झाला. त्याने हळूच दोन्ही हात पुढे केले. वन्सं, तळहातावर फोडच फोड. काही फुटलेले, काही टम्म. डब मंचापाशी आला, त्याने एक फोड अंगठ्याने दाबला, टोबिन कळवळला, आणि डब वळून सगळ्यांना म्हणाला, "खरे आहेत." मग टोबिनला म्हणाला, "वाजव."

माझ्या मोरीचे फोड होते ते! मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही. टोबिनही बोलला नाही. देव सगळ्यांना क्षमा करो.

मग जे झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. अर्धा हॉल टोप्या घालून निघून गेला. उरलेला अर्धा नाचला. फेदरच्या ढोलावर तर आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या नाचल्या, ज्यांनी कंबर दुखते म्हणून गेल्या नाताळात खुर्च्या मागितल्या होत्या. एक बाटलीही फेकली गेली, पण ती सवयीने. आणि तुमचा भाऊ, वन्सं, हसत होता. एरवी तो वाजवायला बसला की दाढ काढायला आल्यासारखा दिसतो. त्या दिवशी डबी लावून, मान मागे टाकून हसत होता. मला माझं लग्नाआधीचं माणूस दिसलं. (सर्दी नसताना.)

परिणाम असा की हॉइटने त्याला कामावरून काढलं आणि त्याने फ्रीजवाल्याला राजीनामा दिला. म्हणतो, उन्हाळाभर त्या गाडीतून गावोगाव जाणार. या वयात! पंखवाल्या घोड्यातून! पुढे काय खाणार? सत्य खाणार? तर वन्सं, लिहा त्याला. दटावून लिहा. राग इतका आला आहे की लेखणी कागदातून आरपार जातेय, म्हणून थांबते. भावोजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुमची,
व्हर्लीन

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आणि मध्ये बरंच काही झालं. कॅलेबला लष्कराच्या सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं. त्याची आई येऊन त्याला घेऊन गेली. जाताना त्याने माझ्याकडून मक्याचा पाव बांधून घेतला आणि मिशी मात्र तशीच ठेवली. पोरांनी दोन दिवस गाडीतून वाद्यंच काढली नाहीत. मग त्याच्यावाचूनच गायला लागली. वरच्या स्वराची जागा रिकामी. मी दोरीवर चादरी वाळत घालत होते आणि ती रिकामी जागा मला घशात खाजायला लागली. म्हणून मीच तो स्वर लावून म्हटलं. चादरीआडून म्हटलं, तेव्हा ते मोजायचं नाही. पण सगळे थांबले. टोबिन म्हणाला, "काकू, पुन्हा." थोडक्यात, मीही चालले आहे. ऑर्व्हलला खरमरीत ओळी लिहू नका. लिहिल्यात तर त्याच मला लागू पडतील.

आणखी एक ता. क. कोंबड्या शेजारच्या आयनेझबाई बघणार आहेत, ती काळजी नको. खरं मागणं वेगळंच आहे. ओक्लाहोमाहून आल्यावर आर्विनच्या छावणीत नळावर पाणी भरताना आपण तिघं गायचो, मी वर, ऑर्व्हल मध्ये, तुम्ही खाली. मग छावणीतले पाद्रीबाबा तुम्हाला म्हणाले की मुलीच्या जातीला असा घोगरा आवाज शोभत नाही, तू नुसते ओठ हलव. वन्सं, तुम्ही चर्चमध्ये अजून नुसते ओठच हलवता, मला ठाऊक आहे, गेल्या ईस्टरला मी शेजारीच उभी होते. इथे खालचा स्वर धरायला कुणी नाही. फेदर धरतो, पण बिजागरी कुरकुरल्यासारखं वाटतं. आमच्याजवळच्या बेकर्सफील्डची बस धरा, आम्ही गाडी घेऊन येऊ. ती लांबूनही ओळखू येते.

शेवटचं. भावोजींना ता. क.च्या आधीची सगळी पानं वाचून दाखवा आणि म्हणा, भाऊ हाताबाहेर गेलाय, मला जायलाच हवं. त्यासाठीच ती फाडली नाहीत. हे पान चुलीत घाला.