माझी कोंबडी, तुमच्या तोंडून

बाई,

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने टॅबवर एक सिनेमा लावला. कॉम्प्युटरवर बनवलेला, शेतावरच्या बोलणाऱ्या जनावरांचा, मराठीतला. मी पोळ्या करत होते आणि ती बाहेरच्या खोलीत पालथी पडून बघत होती. गाय काहीतरी म्हणाली, डुक्कर हसलं, आणि मग एक कोंबडी बोलायला लागली. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आवाज तुमचा होता. तो मी हजार माणसांत ओळखला असता. पण बोलणं माझं होतं. वाक्याच्या मधेच "मतलब" म्हणून अडखळणं, सगळ्यांना, अगदी बैलालासुद्धा "भिया", म्हणजे भाऊ, म्हणणं, रागाच्या भरात इकडच्या मालवी बोलीत सुरुवात करून धापा टाकत मराठीत येऊन पोचणं. मुलगी तिकडून ओरडली, "मम्मी, ये मुर्गी तो बिलकुल आपके जैसी बोलती है!" मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. सिनेमा जुना होता, जनावरांचे केस प्लास्टिकच्या ब्रशसारखे ताठ होते, पण मी शेवटपर्यंत हलले नाही. शेवटी नावं आली. कोंबडीच्या पुढे तुमचं नाव होतं.

तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तुमच्या तेराव्याला मी देवासहून धारला आले होते आणि तुमच्या फोटोसमोर बसून घरच्यांपेक्षा जास्त रडले होते. तुमच्या सूनबाईंनी मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "सासूबाईंना तुझं फार कौतुक होतं गं." मी ते खरं मानलं. बाई, अजूनही ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हे लिहिणं इतकं अवघड जातंय.

देवासची आमची कॉलनी सगळी कारखान्यातल्या लोकांची. कोणी नागपूरकडचं, कोणी खानदेशातलं, आमचे बाबा साताऱ्याकडून येऊन इथे फिटर झालेले. मुलं सगळी हिंदी शाळेत. घरात मराठी ऐकायचो, पण उत्तर हिंदीतून द्यायचो. तुम्ही शेजारच्या गल्लीत एकट्या राहत होता, सरकारी शाळेत हिंदी शिकवत होता, आणि दर रविवारी मराठी समाजाच्या हॉलमध्ये आम्हाला गोळा करत होता. पहिले काही रविवार तुम्ही पुस्तक वाचायला दिलंत. आम्ही जांभया देत होतो. मग एका रविवारी तुम्ही एक सीडी आणलीत, परदेशी, असल्याच बोलणाऱ्या जनावरांची, आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केलात. पडद्यावर एक गाय, दोन डुकरं, एक कोंबडा आणि कोंबड्यांचा घोळका तोंडं उघडमीट करत होता आणि हॉलमध्ये चिडीचूप. तुम्ही म्हणालात, "हे काय बोलताहेत ते मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा. मराठीत सांगा. आणि त्याचं तोंड मिटलं की तुमचं वाक्य संपलं पाहिजे."

मला कोंबडी मिळाली, कारण बाकीच्यांना गाय आणि कुत्रा व्हायचं होतं. आमच्याकडे टोंकखुर्द गावाहून एक बाई दूध घेऊन यायच्या, सगळ्या जगाशी भांडत यायच्या, सायकलवाल्याशी, ऊन-वाऱ्याशी, स्वतःच्या म्हशीशी. मी त्यांच्यासारखी बोलायला लागले. तोंडात मालवी आली, तिला मराठीचं शेपूट लावलं. तुम्ही टाळी वाजवून मला थांबवलंत. "कोंबडी मराठी बोलेल. खिचडी नाही." पण पोरं हसत होती, आणि तुम्ही पुन्हा म्हणालात, "बरं, कर पाहू परत," आणि त्या वेळी तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "काल्या टोपलीत होती म्हारी अंडी, काल्या टोपलीत!" असं मी कोकलत होते. ळ मला येत नव्हता, आमच्या कॉलनीत कुणालाच धड येत नव्हता. त्या दिवशी तुम्ही तो सुधारला नाहीत.

गणपतीत आम्ही पडद्यामागे बसून तो खेळ केला. समोर सिनेमा चालू, मागे आम्ही आठ-दहा पोरं एका माइकवर. दूधवाल्या बाईंना मी मुद्दाम बोलावून आणलं होतं आणि सांगितलं होतं, कोंबडीकडे लक्ष ठेवा. त्या स्वतःला ओळखून मधेच उभ्या राहून ओरडल्या, "अरे, या तो म्हूँ हूँ!" सगळा हॉल हसत सुटला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही ते करत राहिलो, नवी सीडी, नवी जनावरं. बाकीची मुलं मोठी होऊन गळाली, मी कॉलेजात गेले तरी येत राहिले. कोंबडी दरवेळी माझीच.

मग त्या दसऱ्याला तुम्ही मला धारला तुमच्या घरी नेलंत. तुमचा भाचा पुण्याहून आला होता, आवाज भरण्याच्या कामात होता, आणि त्यांच्याकडे शेतावरच्या जनावरांचा एक मराठी सिनेमा तयार होत होता. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा गोंगाट, म्हणून त्याने स्वयंपाकघरात माइक लावला. खिडकीवर घोंगडी टाकली, फ्रिज बंद केला, तुम्हाला पुरणाखालचा गॅस बंद करायला लावला. तुम्ही हातात उलथणं घेऊन ओट्याशी उभ्या आहात, सगळीकडे वेलची-गुळाचा वास आहे, आणि मी डोळे मिटून कोंबडी बोलते आहे. संपल्यावर तो म्हणाला, "आत्या, ही कुठे लपवून ठेवली होतीस?" तुम्ही म्हणालात, "माझी विद्यार्थिनी आहे." मला इतकं बरं वाटलं होतं त्या शब्दाचं.

परतताना बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत मला एक गोष्ट सांगितलीत, जी पूर्वी कधी सांगितली नव्हती. लग्नानंतर लगेच इंदूरला रेडिओवरच्या नाटकांसाठी तुमची निवड झाली होती. तुमचे सासरे म्हणाले, आमच्या घरची सून हवेत बोलणार नाही. आणि विषय संपला. "मी रडले नाही हो," तुम्ही म्हणालात, "मी दुसऱ्या दिवशी पापड लाटायला बसले." मी तुमचा हात धरला. मला वाटलं, तुम्ही मला सांगताय की तुझं तसं होऊ देणार नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका दुपारी तुम्ही व्हरांड्यात मटार सोलत होता, मी समोर बसून सोलू लागत होते. तुम्ही वर न बघता म्हणालात, "पुण्याहून निरोप आला. नाही म्हणतात. त्यांना तुझा ळ चालला नाही. मराठी साफ हवी म्हणतात." मी म्हटलं, "बरोबर आहे, बाई." खरंच, एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वाईट वाटून घेऊ नकोस. आपली मराठी शेवटी मालव्यातली." घरी जाताना मी सगळ्या रस्त्याने पुटपुटत गेले, काळा, फळा, माळ, बाळ.

त्यानंतर तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भावाकडे पुण्याला गेलात. आल्यावर म्हणालात, डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे. मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तुम्हाला मराठी पेपर वाचून दाखवत असे. तुम्ही काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसायचात आणि माझा ळ दुरुस्त करायचात. "जीभ मागे वळव. आणखी मागे." त्याच दिवसांत तुम्ही मला धारकडच्या बाग गावच्या छपाईची, बाग प्रिंटची ओढणी दिलीत, लाल-काळी, सुंदर. मी विचारलं, कशाबद्दल? तुम्ही म्हणालात, "कशाबद्दल लागतं का काही?"

हे सगळं मी आता मागे जाऊन एकेक करून पुन्हा बघते आहे. सिनेमा बघितल्यावर मी तुमच्या सूनबाईंकडून तुमच्या भाच्याचा नंबर घेतला. त्याला म्हटलं, "ओळखलंत का? मी देवासची. कोंबडी." तो खळखळून हसला. "अरे वा! कशी आहेस? तेव्हा लग्न करून गायब झालीस ती झालीस."

"कुठलं लग्न?"

"म्हणजे, तेव्हाच ठरलं होतं ना तुझं? आम्ही तुला बोलावत होतो. तिकिटाचीसुद्धा तयारी झाली होती. आत्या म्हणाली, तिचं लग्न ठरलंय, वडील पाठवायचे नाहीत, उगाच फोन करून त्या घरात भांडणं लावू नका."

माझं लग्न त्यानंतर चार-पाच वर्षांनी झालं. मी त्याला ते सांगितलं नाही. मी विचारलं, "आणि माझा ळ?"

"ळ? कसला ळ? अगं, त्या 'काल्या टोपली'वर तर सगळे फिदा होते. आत्याकडून तो चुकीचा ळ निघेचना. आम्ही किती वेळा करून घेतला तिच्याकडून. ती म्हणायची, कोंबडी मीच शिकवली आहे तिला, मला जमेल. शेवटी जमला."

मी फोन ठेवला. लग्नाचं खोटं मी एक वेळ गिळलं असतं, बाई. पण म्हणजे त्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही पुण्यात स्टुडिओच्या काचेच्या खोलीत बसून माझा चुकीचा ळ घोटत होता, आणि परत येऊन, काळा चष्मा लावून, माझ्या तोंडून तोच पुसून काढत होता. संध्याकाळ संध्याकाळ. आणि मी आनंदाने वाचत होते, तुमच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून.

बाबांना सांगितलं. ते आता निवृत्त आहेत, त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. म्हणाले, "मी तर तेव्हा तुझ्या पुण्यासाठी माळ्यावरची सूटकेस काढून पुसून ठेवली होती. तू धारहून आलीस त्याच आठवड्यात. मग तू काही बोलली नाहीस, म्हणून परत वर टाकली." मला हे माहीतच नव्हतं.

तुम्हाला वाटेल, एका कोंबडीसाठी एवढं? मुलांच्या एका विनोदी सिनेमातली कोंबडी, दहा-बारा मिनिटांचं काम. पण त्यानंतर मी चारचौघांत मराठी बोलले नाही. समाजाच्या हॉलमध्ये जाणं सोडलं. साताऱ्याचे नातेवाईक आले की मी हिंदीत बोलायचे आणि ते मला शिष्ट समजायचे. आज मी हिंदी शाळेत गणित शिकवते, हिंदी आकड्यांना ळ लागत नाही. मुलगी झाली तेव्हा नवरा म्हणाला, हिच्याशी मराठी बोल, आणि मी म्हटलं, माझी साफ नाही, बिघडेल तिची. ती मला मम्मी म्हणते. बाई, तुम्ही कोंबडी नेलीत तिथपर्यंत मी समजू शकते. जिचं तोंड तरुणपणी मिटवलं, तिने म्हातारपणी समोर आलेला माइक धरला, हे मला कळतं, तुम्ही बसमध्ये सांगितलं नसतंत तरी कळलं असतं. तुम्ही मला सरळ म्हणाला असता, "हे मला करू दे," तर मी तुम्हाला माझी सगळी वाक्यं दिली असती, तुमच्याबरोबर पुण्याला येऊन चुकीचा ळ कसा काढायचा तेही शिकवलं असतं. तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही माझी भाषा नासकी आहे असं मला सांगितलंत, आणि मग ती स्वतः वापरलीत.

कळणं आणि माफ करणं एक नाही. मी माफ केलेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते. हे पत्र धारला पाठवायचं तर तुमच्या सूनबाई वाचतील, आणि त्यांनी तुमच्याबद्दल हे का वाचावं? म्हणून ते इथेच, कपाटात, परीक्षेच्या जुन्या पेपरांखाली राहील.

फक्त एक गोष्ट आहे. सिनेमाच्या शेवटाकडे वासराला गाडीत घालून नेतात, आणि कोंबडी कुंपणावर चढून त्याला निरोप देते. ते वाक्य माझं नाही. मी असलं काही कधी बोलले नव्हते. तिथे मालवी नाही, भिया नाही, चुकीचा ळ नाही. "बाळा, सांभाळून जा हो. आम्ही इथेच आहोत." तुमची धारची जुनी मराठी, सावकाश, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. दारात उभ्या राहून तुम्ही मला रविवारी जसं म्हणायचात, अगदी तसं. तुमचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही, तुमच्या सूनबाईंकडेही नाही, मी विचारलं.

मुलगी शाळेतून आली की टॅब उघडते आणि कुरकुरते, "मम्मी, ये फिल्म हर बार उसी बछड़े वाली जगह से क्यों चालू होती है?" मी म्हणते, बिघडला असेल टॅब.