दुहेरी पडदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

लाल प्लग फुटला नाही! तेलविहिरीवरून कारखान्यात फोन आला. सिमेंट पाइपातच अडकलं, तिथेच घट्ट झालं. आमचे मालक मधुकररावसाहेब ओरडत होते, "रबराचा एवढासा पडदा, अन् फुटत नाही म्हणजे काय?"

त्या पडद्याखाली मी दुसरा पडदा बसवला होता. पहिला पातळ वाटला. वाटेत फाटेल अशी भीती वाटली.

तो फाटण्यासाठीच असतो! लाल प्लग, म्हणजे मधे पोकळ असलेलं रबरी बूच, विहिरीच्या पाइपात सिमेंटच्या पुढे जातो, तळाशी टेकला की पडदा फाटतो आणि सिमेंट पाइपाबाहेर जाऊन चहूबाजूंनी भरतं. हे मला आज कळलं. रोज प्लग बनवतो — कधी विचारलं नाही. विचारलं की अडाणी दिसतो.

४ फेब्रुवारी

तपासणीचा शिक्का गोपिकाताईंचा. त्या प्रत्येक पडदा अंगठ्याने दाबून पाहतात. तो प्लग पाठवायच्या दिवशी घाई होती, मीच म्हणालो, "ताई, मी पाहिला." त्यांनी माझ्या शब्दावर शिक्का मारला.

आज त्यांना घरी बसवलं. गेटवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "प्रशिक, तू काही केलं होतं काय गा त्याच्यात?"

"नाही, ताई."

"घ्या मंग! प्लग नाही फुटला, माझं नशीब फुटलं."

आणि हसल्या. हसल्या!

५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

नंदनवन वस्तीत त्यांची-आमची गल्ली एकच. ताईंची मुलगी दीक्षा भेटली. "दादा, आई नुसती भांडे घासून राहिली. घासलेलेच घासते. तू साहेबाले सांग न, आई चुकत नाही म्हणून."

सांगतो म्हणालो. मान वर झाली नाही.

७ फेब्रुवारी

सांगितलं.

साहेबांना आधी खरंच वाटेना. "तिले वाचवून राहिला काय बे?" मग एक लाल प्लग आणून, दुसरा पडदा कसा बसवला ते करून दाखवलं.

"काहून बसवला?"

"फाटू नये म्हणून."

"अन् ती बाई घरी बसली, तेव्हा तुह्यं तोंड काहून नाही फाटलं?"

त्यांनी माझ्यासमोरच ताईंना फोन लावला, परत बोलावलं. मला वाटलं, आता मला काढतील. काढलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई येत नाहीत. साहेबांना एवढंच म्हणाल्या, "मी त्याले तोंडावर विचारलं होतं."

साहेब मला म्हणाले, "तू आता पडदा दाबून पाहायचं जन्मात विसरणार नाही. तिच्या जागेवर तूच बस."

मी "हो" म्हणालो.