खिडकीतली बरणी

नाझिया,

शाळेतून आलीस की चपला काढू नको, स्वयंपाकघरभर काच हाय. तुझ्या त्या सावरडो पावाच्या खमिराची, आंबवलेल्या पिठाची बरणी फुटली आणि काच अब्बांच्या डोळ्यात गेली. शेजारचा अर्शद रिक्षा आणायला धावलाय. डोळ्यांच्या दवाखान्यात जातो, तू तिथेच ये.

झाकण सैल ठेवा, असं तू दोनदा बजावलं होतंस. पण बरणीला मुंग्या लागल्या, म्हणून मी लोणच्याच्या बरणीसारखं गच्च लावलं. चाळीस वर्षं बरण्या भरतेय, मला कोण शिकवणार! वर ऊब मिळावी म्हणून खिडकीत उन्हात ठेवली. तुझे आधीचे दोन पाव दगड झाले आणि तू न जेवता झोपलीस, ते मला बघवलं नाय. अब्बा बुडबुडे बघायला वाकले आणि तेवढ्यात आत कोंडलेल्या हवेने ती फुटली.

उजव्या डोळ्याने त्यांना कधीपासून दिसत नाय, तुला ठाऊक हाय. काच डाव्यात गेलीय.

माझ्या लेकाला, मुदस्सरला, कतारला इतक्यात कळवू नको. कळवलंसच तर झाकण अम्मीने लावलं असं सांग, स्वतःवर घेऊ नको.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. अब्बांना मधल्या खोलीत बसवलंय, तिथे दिवसाही दिवा लागतो. दिवा चालू हाय. आत्ता त्यांनी विचारलं, "लाइट गेली काय गो?"

मी हो म्हटलं आणि गुपचूप पंखा बंद केला.

अम्मी